मशीनच्या सातबाऱ्यातल्या खोट्या नोंदी

विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हापासून ‘जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका’ असा सल्ला जो तो देतोय. शाळा-वाचनालयांना जुनी मशीनं दान देणारी मंडळी तर पेनड्राइव्ह खिशात घेऊनच फिरतात. सल्ला चांगला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तो नाही म्हणून धडधाकट मशीन भंगारात घालायचं काही कारण नाही. पण मी ज्या धंद्यात आहे तिथून बघताना या सल्ल्यात एक मोठी गोष्ट गाळलेली दिसते. मशीनचं बटण दाबल्यावर पहिलं काम विंडोज करत नाही आणि लिनक्सही करत नाही. ते करतो बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुनी माणसं अजून बायोसच म्हणतात. मशीनबरोबर त्याचेही पैसे तुम्ही मोजलेले असतात, पण तो धड लिहिलाय का, हे विचारायची सोय पावतीवर कुठेच नसते.

मी पुण्यात फर्मवेअर आणि कर्नल यांच्या सांध्यावर काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, प्रोसेसर कुणी वापरायचा, डिस्कला कुणी हात लावायचा, हे तो ठरवतो. माझ्या टेबलावर सिरीयल केबलींचा गुंता कायम असतो, कारण आम्हाला बघायचं असतं ते स्क्रीन उजळायच्या आधीचं.

कर्नल सुरू होतो तेव्हा या मशीनमध्ये मेमरी किती आणि त्यातली आपली कोणती, हे त्याला अजिबात माहीत नसतं. ते फर्मवेअर त्याला एका तक्त्यात लिहून देतं. हा तक्ता म्हणजे मशीनचा सातबारा. कुठल्या गटाचं क्षेत्र किती, भोगवटादार कोण, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुणाचा बोजा. आता कुणी म्हणेल, कर्नलने स्वतः मोजणी का करू नये? कारण मोजणीला उभं राहायलाही जमीन लागते, आणि चुकीच्या जागी पाय पडला तर मशीन तिथेच गप्प होतं. म्हणून उताऱ्यावर लिहिलंय ते खरं धरून तो कसायला लागतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ही भानगड नव्हती. प्रोसेसरला एकूण १ एमबीचे पत्ते दिसायचे. खालचे ६४० केबी प्रोग्रॅमचे, वरचे ३८४ केबी डिस्प्ले, कार्डं आणि बायोसचे. हे सगळ्यांना पाठ होतं. मेमरी वाढत गेली तशी वाटणी किचकट झाली आणि बायोसला विचारून घ्यायची एक पद्धत रूढ झाली. तिला आम्ही अजून तिच्या क्रमांकाने, ‘ई-८२०’ म्हणून ओळखतो. एकदा विचारलं की वीस बाइटची एक नोंद मिळते: सुरुवात कुठे, लांबी किती, प्रकार कोणता. प्रकार १ म्हणजे वापरा, प्रकार २ म्हणजे हात लावू नका. नोंदी संपेपर्यंत विचारत राहायचं.

विंडोज एक्सपीच्या उतरत्या काळात ज्यांनी हौसेने ४ जीबी रॅम बसवली, त्यांना या वाटणीचा चटका बसलेला आहे. मशीन सव्वातीन जीबीच दाखवायचं आणि दुकानात जाऊन वाद व्हायचे. दुकानदाराने फसवलेलं नसायचं. ३२ बिटांच्या त्या विंडोजला पत्तेच ४ जीबीपुरते, आणि त्यातले वरचे ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड, खुद्द फर्मवेअरची चिप यांनी अडवलेले. रॅम होती, पण तिथवर पोचायला पत्ता शिल्लक नव्हता. आजही विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या खाली ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ असा एक आकडा असतो. तो याच वाटणीतला.

पुढे इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी नवी पद्धत आणली. २००५ पासून ती यूईएफआय फोरम या उद्योगसंस्थेकडे आहे आणि आज घरोघरच्या लॅपटॉपमध्ये तीच आहे. तिचा उतारा जास्त बारीक. मोजणी चार-चार केबीच्या पानांत, आणि शंभराच्या वर नोंदी असलेले उतारे तर माझ्यासमोर नेहमीच येतात. पण खरा फरक वेगळाच आहे. कर्नलचा कारभार सुरू झाल्यावर जुन्या बायोसशी त्याचा संबंध जवळपास संपायचा. यूईएफआयचा एक भाग मात्र मशीन बंद होईपर्यंत मुक्कामाला राहतो. घड्याळ लावणं, मशीन रीस्टार्ट करणं, पुढच्या वेळी कोणती सिस्टिम सुरू करायची ते चिपमध्ये लिहून ठेवणं, ही कामं कर्नलला त्याच्याकडून करून घेता येतात. म्हणजे जमीन कर्नलची, पण मधल्या काही पट्ट्यांवर फर्मवेअरचा हक्क कायम, आणि तशी नोंद उताऱ्यावर हवी.

ताबा देण्याचा विधी बघण्यासारखा असतो. कर्नलच्या सुरुवातीचा भाग उतारा मागतो. उताऱ्याबरोबर त्याला एक आकडा मिळतो, तो सांगून मग ताबा मागायचा. मधल्या काळात फर्मवेअरच्या एखाद्या ड्रायव्हरने चार केबी जरी घेतले असतील तर आकडा जुळत नाही आणि ताबा नाकारला जातो. नव्याने उतारा काढा, पुन्हा अर्ज करा. शिळ्या उताऱ्यावर व्यवहार नाही! हा नियम मला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्यांना प्रोग्रॅमरचा स्वभाव ठाऊक होता.

टियानोकोर नावाचं फर्मवेअर आहे. ते इंटेलने खुलं केलं आणि अनेक कंपन्यांची फर्मवेअर त्याच्याच पायावर उभी आहेत. त्यात याच स्वभावावर केलेला एक मजेदार इलाज आहे. उताऱ्यातली एक नोंद खरं तर ४० बाइटची. टियानोकोर ती मुद्दाम ४८ बाइटची करून देतं. शेजारी तशी टिप्पणीही आहे: लांबी गृहीत धरू नये, विचारून घ्यावी, म्हणून हा खटाटोप. ज्याने ४० गृहीत धरली त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्याच नोंदीला अडखळतो. म्हणजे कंपनीतच अडखळतो, तुमच्या घरी येऊन नाही. असं लिहिणाऱ्याला मी चहा पाजीन.

ताबा मिळाला तरी कर्नलचं बस्तान लगेच बसत नाही. मेमरी वाटणारी त्याची स्वतःची यंत्रणा अजून उभी राहायची असते, आणि ती उभी करायची तर फर्मवेअरचे तक्ते वाचायला हवेत. इंटेल-एएमडीच्या मशीनवर लिनक्स या कामासाठी पत्त्यांच्या आठ तात्पुरत्या जागा राखतो, प्रत्येकी २५६ केबीची. तक्त्याचा हवा तो भाग तिथे जोडायचा, वाचायचा, जोड सोडायची, मग पुढचा भाग. सोडायला विसरलात तर थोड्या वेळाने लॉगमध्ये इशारा येतो की इतक्या जागा अडकून पडल्यात. यात क्रमाला फार महत्त्व. कर्नलची स्वतःची जागा, उतारा ज्या पानांवर आहे ती पानं, बूटलोडरने, म्हणजे कर्नलला मेमरीत आणणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, आणून ठेवलेली सुरुवातीची फाइल, फर्मवेअरचे पट्टे, हे सगळं आधी राखून ठेवायचं आणि मगच उरलेली मेमरी वाटायला काढायची. यातलं एक जरी राहिलं तर तेच पान भलत्याला दिलं जातं. बरं, हा दोष लगेच दिसत नाही. मशीन तासाभराने, कधी दोन दिवसांनी, कुठल्या तरी असंबद्ध ठिकाणी कोसळतं. मग लोक रॅम काढून रबराने पुसत बसतात.

इथवर आपण उतारा खरा आहे असं धरून चाललो. तो नेहमी खरा नसतो, आणि माझी तक्रार तिथे आहे.

यूईएफआयचा नियम स्पष्ट सांगतो की बूट होण्यापुरती फर्मवेअरने घेतलेली मेमरी ताबा दिल्यानंतर कर्नलची. प्रत्यक्षात कर्नल फर्मवेअरला त्याच्या पट्ट्यांचे नवे पत्ते कळवायला गेला की कित्येक मशीनचं फर्मवेअर त्या सोडलेल्या मेमरीतच पुन्हा घुसतं. कर्नलने तिथे दुसरं काही ठेवलं असेल तर खेळ खलास. २०११ मध्ये मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रॅमरने लिनक्समध्ये पॅच दिला: ती मेमरी नियमाने आपली असली तरी नवे पत्ते कळवून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. ही व्यवस्था आजही चालू आहे. नियम पाळणाऱ्या मशीनवरही ती लागू होते, कारण न पाळणारं मशीन कोणतं हे आधी ओळखता येत नाही.

जून २०२१ मध्ये माइक रापोपोर्ट या प्रोग्रॅमरच्या पॅचने एक्स-८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या, मशीनवरची पहिली १ एमबी मेमरी सरसकट बाजूला ठेवायचं ठरलं, उताऱ्यावर ती मोकळी दिसत असली तरी. का? तर काही बायोस तिथे न सांगता लिहितात. १९८१ मध्ये जेवढी मेमरी आख्ख्या मशीनला दिसायची, तेवढी आपण आता नुसत्या अविश्वासापोटी वाटणीतून वगळतो. १६ जीबीत १ एमबी म्हणजे किस झाड की पत्ती, हे कबूल. मला राग येतो तो जागेचा नाही. चाळीस वर्षं झाली तरी खरं सांगणारा उतारा मिळत नाही, याचा येतो.

कधी कधी चांगल्या हेतूनेही घोळ होतो. यूईएफआयच्या २.५ आवृत्तीत, २०१५ मध्ये, सुरक्षेसाठी फर्मवेअरच्या पट्ट्यांचे कोड आणि डेटा असे तुकडे पाडायची सोय आली. तुकड्यांनी एकमेकांपासूनचं अंतर बदलता कामा नये, अशी फर्मवेअरची अपेक्षा होती, पण ती नियमात धड लिहिलेली नव्हती. लिनक्स पत्ते वरून खाली वाटत होता. तुकड्यांची मांडणी उलटी झाली आणि मशीनं बूट होतानाच कोसळू लागली. लिनक्सवर काम करणाऱ्या मॅट फ्लेमिंग यांनी वाटप खालून वर केलं आणि ते थांबलं. पुढच्या आवृत्तीत याच कामासाठी फोरमला वेगळा तक्ता आणावा लागला.

ठपका कुणावर येतो तेही बघा. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू केल्यावर कायमचे निकामी झाले. लिनक्सने लॅपटॉप मारला, अशी बोंब झाली. काही दिवसांतच गॅरेट यांनी दाखवून दिलं की फर्मवेअरची नोंदी साठवायची जागा गच्च भरली की विंडोजमधूनही त्या लॅपटॉपची तीच गत करता येते. बोंब सगळ्यांना आठवते, हा पुढचा भाग फारसा कुणाला आठवत नाही.

आता घरचीच गोष्ट. कराडजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाला एका कार्यालयाने वापरलेले डेस्कटॉप दिले. माझा मामेभाऊ तिथलं काम बघतो, हौशी आणि हुशार आहे. त्याचा फोन आला: “ताई, लिनक्स शेवटपर्यंत इन्स्टॉल होतंय आणि बूटलोडर बसवताना अडतंय. एसएसडी गेली असेल का? नवी मागवू?” मी म्हटलं, “अरे, आधी लॉगचा फोटो पाठव, मग पैसे घाल.” व्हॉट्सॲपवर फोटो आला, तिरका, पंख्याच्या सावलीसकट. मधोमध एक ओळ होती. तिची सुरुवात चौकटी कंसातल्या ‘फर्मवेअर बग’ या दोन शब्दांनी, आणि पुढे मजकूर असा, की फर्मवेअरने अमुक पत्त्यावर गैरमार्गाने हात घातला. त्याखालच्या ओळीत कर्नलने फर्मवेअरच्या सगळ्या सेवा बंद केल्याचं लिहिलं होतं. लिनक्सच्या ४.२० आवृत्तीपासून अशी सोय आहे. फर्मवेअर आपल्या हद्दीबाहेर गेलं तर कर्नल स्वतः कोसळत नाही, त्यालाच थांबवतो. पण थांबवल्यावर ‘पुढच्या वेळी लिनक्स सुरू कर’ ही नोंद चिपमध्ये लिहिणार कोण? म्हणून इन्स्टॉलर अडत होता. एसएसडी ठणठणीत होती.

आम्ही मार्ग काढला. बूट होताना फर्मवेअरच्या सेवा वापरूच नको असं कर्नलला सांगणारा एक पर्याय आहे, ‘ईएफआय-नोरनटाइम’. तो लावला. मग बूटलोडर अशा ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावाने ठेवला, जिथे कुठलीही नोंद नसताना फर्मवेअर आपणहून बघतं. मशीनं चालू झाली आणि अजून चालताहेत. मामेभावाने कंपनीच्या ग्राहक सेवेलाही फोन लावला होता. उत्तर मिळालं, त्या मॉडेलचं नवं फर्मवेअर निघणार नाही, आणि आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो. कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीकडूनही वेगळं उत्तर आलं असतं असं मला वाटत नाही. पण ज्या वाचनालयाची बहीण कर्नलवर काम करत नाही, त्याने काय करायचं? त्याने नवी एसएसडी मागवली असती, ती बसवून पुन्हा तिथेच अडला असता, आणि लिनक्स बेकार आहे असं म्हणून मशीनं कोपऱ्यात लावली असती.

‘विंडोजवर चालतंय ना? मग झालं.’ फर्मवेअरची तपासणी बहुतेक ठिकाणी या एका वाक्यात संपते. विंडोज ज्या क्रमाने हाका मारतं तो क्रम जमला की माल बाहेर. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे वागणारी दुसरी कुठली सिस्टिम आली की पितळ उघडं पडतं.

आमच्यातले काही जण म्हणतात, कर्नलनेच कंपन्यांना लाडावून ठेवलंय. चुकीचं फर्मवेअर असलेलं मशीन सरळ कोसळू द्या, आपोआप शहाणे होतील. मोबाइलमध्ये आणि आता सर्व्हरमध्येही असलेल्या आर्म प्रोसेसरवर लिनक्सने बूटपुरत्या मेमरीची ती सवलत दिलेली नाही, हा दाखला ते देतात. दाखला बिनतोड आहे. पण आर्मवर ही शिस्त सुरुवातीपासून होती. एक्स-८६ वर ती आज लावली तर त्रास कंपनीला होणार नाही, मशीन घेऊन बसलेल्या माणसाला होईल, आणि त्याने कुणाचं घोडं मारलंय? कर्नलवाल्यांनी सांभाळून घेतलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे. चूक खरेदी करणाऱ्यांची आहे, विशेषतः सरकारी पैशाने शेकड्यांनी मशीनं घेणाऱ्यांची.

शाळांसाठी, कॉलेजांसाठी, कार्यालयांसाठी निघणाऱ्या निविदा वाचून बघा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क किती, स्क्रीन किती इंची, कीबोर्डवर देवनागरी अक्षरं हवीत का, सगळं असतं. फर्मवेअरबद्दल माझ्या वाचनात आलेल्या निविदांत एक अक्षर नव्हतं. आणि खर्चाचं कारण इथे चालणार नाही. फर्मवेअर टेस्ट सूट नावाचं साधन कॅनॉनिकल कंपनीने बनवलेलं आहे, ते फुकट आहे. नमुन्याच्या मशीनवर ते चालवलं की उताऱ्यातल्या आणि इतर तक्त्यांमधल्या चुकांची यादी छापून मिळते. नवं फर्मवेअर लिनक्समधूनच बसवण्यासाठी एलव्हीएफएस ही सेवा आहे. डेल, लेनोवो, एचपी या कंपन्या आपल्या बऱ्याच मॉडेलची अपडेट तिथे ठेवतात. म्हणजे जमत नाही असं नाही, मागणारा लागतो.

युरोपने मागायला सुरुवात केली आहे. त्यांचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला आणि त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सॉफ्टवेअर असलेल्या वस्तूला सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट द्यावी लागतील. फर्मवेअरही त्यात आलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं. पाऊल चांगलं आहे. पण दुरुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बॅटरी, स्क्रीन, बिजागरी येते. चिपमधला चुकीचा तक्ता स्क्रू काढून बदलता येत नाही. तो ज्याने लिहिला त्यालाच दुरुस्त करावा लागतो.

म्हणून जिल्हा परिषदांच्या, विद्यापीठांच्या, सहकारी बँकांच्या खरेदी समित्यांवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत दोन अटी घाला. नमुना मशीनचा फर्मवेअर चाचणीचा अहवाल जोडावा, आणि खरेदीपासून सात वर्षं फर्मवेअरची अपडेट विंडोजशिवायही बसवता येतील अशा रूपात द्यावीत. कंपनी खळखळ करेल, पण हजार मशीनची ऑर्डर कुणी सोडत नाही.

आणि जे घरच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला बसले आहेत त्यांच्यासाठी: विंडोज पुसायच्या आधी कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर अपडेट टाकून घ्या. बऱ्याच कंपन्या ते विंडोजच्या प्रोग्रॅमच्या रूपातच देतात, विंडोज गेल्यावर ते बसवणं अवघड होतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या. अपडेट चालू असताना वीज गेली, तर बोर्ड दुरुस्तीला न्यावा लागतो.